भरायला चाळीस मिनिटं

मास्तरांना वाया जाणारा वेळ दिसायचा. आपल्याला तो फार तर जाणवतो. त्यांना तो गळका नळ दिसावा तसा डोळ्यांनी दिसायचा, आणि उठून बंद केल्याशिवाय चैन पडायचं नाही. घरात गॅसचा सिलिंडर लागला की त्यावर खडूने तारीख. दाढीला चार मिनिटं, बुटांच्या पॉलिशला दीड. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला दाखवून दिलं होतं की ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत दिवसाला एकोणीस वेळा येते आणि त्यातल्या सात खेपा वाचण्यासारख्या आहेत. बायकोने शांतपणे विचारलं होतं, "मग त्या सात तुम्ही मारता का?" त्या दिवसापासून मास्तरांनी घरातला हिशोब सिलिंडरपुरता ठेवला आणि बाकीचा सगळा कामावर नेला.

काम होतं लष्कराच्या जुन्या धावपट्टीच्या एका टोकाला. एक पत्र्याची शेड, तिच्यात आठ बाकं आणि एक फळा, बाहेर पाण्याचा हौद, पंप आणि हत्तीच्या सोंडेएवढा जाड पाइप. वर्षातले दहा महिने तिथे कुत्रंही फिरकायचं नाही. उन्हाळा तोंडावर आला की जंगलं पेटायची, आणि वनखात्याकडे स्वतःची विमानं म्हणजे नावाला दोन. मग लष्कराकडून चार अगडबंब मालवाहू विमानं आणि चार तुकड्या मागून घ्यायच्या, एरवी जीपगाड्या आणि बसल्या बसल्या झोपलेले जवान वाहणाऱ्या त्यांच्या पोटात मागच्या दारातून एक भलीमोठी टाकी सरकवायची, आणि पाच दिवसांत त्या माणसांना आग शिकवायची. विमान चालवणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण अकरा टन ओझं घेऊन, डोंगराच्या कुशीत, झाडांच्या शेंड्यांवरून, धुरातून हळूहळू जायचं हे लष्करात कुणी करत नाही. तिथे उंच जातात आणि वेगात जातात.

खऱ्या आगीवर टाकीत आग रोखणारं लाल मिश्रण असायचं. शिकताना साधं पाणी.

एका तुकडीत पाच जण. चौघं पुढे, काचेपाशी. पाचवा एकटा मागे, टाकीपाशी, जिथून बाहेरचं काही दिसत नाही. त्याला सगळे 'मागचा' म्हणत. मास्तर स्वतः सव्वीस वर्षं मागचे होते. निवृत्त झाल्यावर मागच्यांना शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि आठ वर्षं त्यांनी ते नावाजण्यासारखं केलं.

मागच्याचं खरं काम एका लाल मुठीचं. रोजचं पाणी सोडायला बटण होतं. मूठ होती ती जिवावर बेतलं तर. एखादं इंजिन बंद पडलं, धुरातून अचानक कडा समोर आला, की कॅप्टन ओरडणार, "टाक!" मागच्याने मूठ ओढायची. तिला बांधलेली तांब्याची बारीक तार तुटते, टाकीच्या तळाचं दार उघडतं, पाच सेकंदांत अकरा टन खाली, आणि पाण्यात दाबून धरलेला चेंडू सोडावा तसं विमान वर उसळतं. कॅप्टनला मागे वळून बघता येत नाही. त्याला एकच शब्द ऐकू येतो: "सोडलं." तो ऐकला की तो नाक वर उचलतो. ओझं पोटात असताना तसं उचललं, तर विमान उभ्या उभ्या कोसळतं.

आता मास्तरांचा हिशोब. टाकी भरायला लागायची चाळीस मिनिटं. त्यांच्या आधीचे शिक्षक लाल मुठीचा धडा खरोखर मूठ ओढून द्यायचे. पाणी गेलं, उतरा, चाळीस मिनिटं थांबा, नवी तार बांधा, मग आगीवर नेम धरायचा धडा. एका तुकडीच्या दिवसात जेमतेम तीन फेऱ्या. मास्तरांना तो गळका नळ पहिल्याच वर्षी दिसला. त्यांनी नियम केला: कॅप्टन "टाक" म्हणाला की मागच्याने मुठीला नुसता हात लावायचा, मोठ्याने "सोडलं" म्हणायचं, आणि त्याच पाण्यावर पुढचा धडा घ्यायचा. एका टाकीत दोन धडे. तिनाच्या सहा फेऱ्या झाल्या. वरिष्ठ खूश झाले. शेडच्या भिंतीवर काचेत बसवलेलं प्रशस्तिपत्र लागलं, आणि मास्तर रोज येता-जाता त्याच्याकडे बघत नसल्यासारखं बघू लागले. पाच दिवसांत पक्कं बसवायला सहा फेऱ्या लागतातच, आणि मूठ काय, वर्षातून एकदा मेकॅनिक मंडळी ओढून तपासतातच, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचंही वाटत नव्हतं. आठ वर्षं कुणाला मूठ ओढायची वेळच आली नाही.

गेल्या वर्षीच्या तिसऱ्या तुकडीचा मागचा म्हणजे लंबू. सहा फूट तीन इंच. टाकीवरून जाणाऱ्या पाइपाला पहिल्या दिवशी त्याचं डोकं तीनदा आपटलं, दुसऱ्या दिवशी दोनदा, आणि मास्तरांनी फळ्याच्या कोपऱ्यात त्याची वेगळी नोंद ठेवली. "लंबू, प्रगती आहे," ते म्हणाले. "या वेगाने शुक्रवारी पाइप वाचेल."

"डोक्याचं काय, मास्तर?"

"ते सरकारी नाही. त्याची नोंद ठेवत नाही आम्ही."

लंबू हसायचा तो सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांच्या नंतर थांबायचा. मन लावून शिकायचा. अशी माणसं शिकवायला बरी आणि थट्टेलाही बरी. तिसऱ्या दिवशी वर्ग संपताना त्याने हात वर केला. बाकावर बसलेला असूनही हात छताला लागेल असं वाटलं.

"मास्तर, एकदा खरंच ओढू का? नुसतं बघायला. किती जोर लागतो ते कळेल."

मास्तरांनी घड्याळ बघितलं. बाहेर टाकी भरून तयार होती. "ओढ की," ते म्हणाले. "आणि मग बादली घे, त्या नळाखाली बस आणि अकरा हजार लिटर भर. तुझ्या निवृत्तीच्या समारंभाला आम्ही सगळे इथेच येऊ."

शेड हसली. लंबूही हसला. "नाही, मी आपलं विचारलं," तो म्हणाला आणि खाली बसला.

पाचव्या दिवशी त्याचा हात असा तयार झाला की बघत राहावं. "टाक" ऐकलं की तवा लागल्यासारखा हात मुठीला टेकून परत, आणि "सोडलं" हा शब्द हाताच्या आधी की हात शब्दाच्या आधी ते सांगता येऊ नये. मास्तरांनी घड्याळ लावून बघितलं. एक सेकंदही नाही. दहातले आठ भाग. नोंदवहीत लंबूच्या नावापुढे 'मुठीला हात' या रकान्यात तेवीस बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'उत्तम.' हा शब्द ते वर्षाला एकदाच खर्च करत.

अडतीस दिवसांनी लंबूच्या तुकडीचं विमान एका कड्यावर आदळलं. पाचही जण गेले.

चौकशी समितीची खोली मोठी होती आणि खिडक्या बंद होत्या. टेबलावर हिरवं कापड, प्रत्येकासमोर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास, आणि मधोमध विमानातला आवाज वाजवायचं यंत्र. समितीचे प्रमुख सभ्य गृहस्थ होते, वाजवण्याआधी त्यांनी मास्तरांना विचारलं, "ऐकवेल ना तुम्हाला?" मास्तर म्हणाले, ऐकवेल.

आधी इंजिनांची घरघर. मग कॅप्टनचा आवाज, "कडा, कडा. टाक!" आणि लगेच, हजेरी द्यावी इतक्या स्वच्छ आवाजात, "सोडलं!"

मग को-पायलट: "उचलत नाहीये."

कॅप्टन: "सोडलंस ना?"

"सोडलं!"

त्यानंतर ऐकण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांना पहिल्या "सोडलं"लाच कळलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. शब्द "टाक"च्या मागोमाग किती वेळाने आला हे मोजायला त्यांना घड्याळही लागलं नाही. दहातले आठ भाग. दुसऱ्या वेळीही तेवढेच.

"टाकी भरलेलीच आदळली," प्रमुख म्हणाले. "सगळं लाल एकाच जागी सांडलं होतं. मुठीची तार शाबूत. म्हणजे यंत्रात दोष नाही, त्याने ती ओढलीच नाही. आणि तरी दोनदा सांगितलं की सोडलं. मास्तर, तुम्ही शिकवलेला माणूस. काय झालं असेल?"

खोलीत कारकून लिहायला तयार बसला होता. मास्तरांच्या समोर ग्लास होता, त्यांनी त्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"घाबरला असेल," ते म्हणाले. "माणूस आहे."

उत्तराला चार सेकंद लागले. ते त्यांनी नंतर बसमध्ये मोजले.

घरी सिलिंडर संपला, दुसरा लागला. दोन दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, परवा सिलिंडर बदलला. खडू तिथेच आहे खिडकीत."

"लिहितो."

"लिहिलं नाहीत तर तो काही जास्त दिवस चालणार नाही."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी लिहिलंही नाही. बायको बत्तीस वर्षं या माणसाची चेष्टा करत आली होती. चेष्टेला टप्पा मिळेना तेव्हा ती घाबरली. पण तिने विचारलं नाही. तिच्याही हिशोबात काही प्रश्न असे होते की ते समोरच्यानेच आणून द्यावेत.

ताई आली ती एका सोमवारी दुपारी. मास्तर शेडमध्ये एकटेच पाइपाच्या जोडांना ग्रीस लावत होते. मोसम संपला होता, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. दारात एक उंच बाई उभी राहिली. पस्तिशी-चाळिशीची, हातात पिशवी, दोन बस बदलून आल्याची धूळ चपलांवर. चौकटीला डोकं लागणार नव्हतं तरी ती वाकून आत आली, आणि मास्तरांना तिने सांगायच्या आधीच कळलं.

"मी लंबूची ताई. तुम्हीही त्याला लंबूच म्हणायचात ना? घरी पण तेच नाव. तुम्ही पण ठेवलंत म्हणून त्याला भारी वाटलं होतं."

"बसा," मास्तर म्हणाले. बाकं लहान होती. ती पुढच्या बाकावर बसली.

"समितीचं पत्र आलं. घाबरून चूक केली, असं लिहिणार आहेत. तुम्ही सांगितलंत म्हणे."

"मी 'असेल' म्हणालो होतो."

"कागदावर 'असेल' उतरलं नाही."

मास्तर फडक्याने हात पुसू लागले. ग्रीस पुसून निघत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"भांडायला नाही आले मी," ताई म्हणाली. "लहानपणापासून मीच सांभाळला त्याला, त्याच्याच क्वार्टरमध्ये राहते मी. महिन्याअखेर सोडायची आहे ती. तोवर तिथे राहायचंय आणि तिथे मला कुणी ओळख दाखवत नाही. कॅप्टनची बायको आमच्या समोर राहते. दर रविवारी माझी इस्त्री न्यायची. परवा मीच घेऊन गेले, तर दार उघडलं, इस्त्री बघितली, दार लावलं. शोकसभेत इंजिनिअरच्या वडिलांनी माझ्या शेजारची खुर्ची उचलली आणि दुसऱ्या रांगेत नेऊन ठेवली. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांचंही काय चुकलं? त्यांना सांगितलंय की माझ्या भावाने त्यांची माणसं मारली, वर खोटं बोलला." तिने पिशवी मांडीवर घेतली. "मला एकच विचारायचंय. तो घाबरट होता का? मला माहीत असलेला लंबू पालीला घाबरायचा. दुसऱ्या कशाला नाही. पण मी घरचा पाहिला. कामावरचा तुम्ही पाहिलात."

मास्तरांनी तिच्याकडे बघण्यासाठी मान वर केली आणि चष्मा नाकावरून घसरला.

"थांबा. स्क्रू निघालाय त्याचा," ती म्हणाली. "द्या इकडे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा बसवते." तिने पिशवीतून काडेपेटीएवढी डबी काढली, डबीतून काडीएवढा पेचकस. माणसं रडताना हातांना काहीतरी द्यावं लागतं. ही रडत नव्हती, तरी हातांना काम मिळालं तसा तिचा आवाज सैल झाला.

"मेहनती होता हो. तुमच्याकडून शिकून आला ना, तर घरातही तेच. स्वयंपाकघरात उभा राहायचा, मला सांगायचा, ताई, मध्येच कधीही 'टाक' म्हण. मी भांडी घासताघासता म्हणायचे, 'टाक!' की हा फ्रीजच्या दाराला हात लावायचा आणि ओरडायचा, 'सोडलं!' वीस-वीस वेळा. मी म्हणायचे, अरे मेल्या, दार उघड तरी! तर म्हणायचा, नाही ताई, उघडायचं नसतं. असंच असतं ते."

शेडच्या पत्र्यावर ऊन कडकड वाजत होतं. चष्मा तिच्या हातात होता. समोरचा चेहरा धूसर होता, आणि मास्तरांना तेच सोयीचं होतं.

"तो घाबरला नाही," ते म्हणाले. "त्याने शिकवलं तसंच केलं."

पेचकस थांबला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं. एका टाकीत दोन धडे. हात लावायचा, ओढायचं नाही. त्याच्या हाताला खरंच वाटलं असणार की सोडलं. त्या हाताला सोडणं म्हणजे तेवढंच माहीत होतं. कॅप्टनने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही त्याने परत हात लावला असणार, आणि परत खरंच सांगितलं असणार.

"किती वेळा करून घेतलंत त्याच्याकडून?" ताईने विचारलं. आवाज दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर विचारावा तसा.

"तेवीस."

"आणि ओढून किती वेळा?"

"एकदाही नाही."

"त्याने विचारलं नाही कधी? तो फार प्रश्न विचारायचा."

इथे खोटं बोलता आलं असतं. तिला कळायला मार्ग नव्हता. ज्यांनी ऐकलं होतं ते चौघंही त्याच्याबरोबरच गेले होते.

"विचारलं होतं. एकदा ओढू का, म्हणाला. जोर किती लागतो ते कळेल."

"मग?"

"मी थट्टा केली."

"काय म्हणालात?"

मास्तरांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ओढ की. आणि मग बादली घे, त्या नळाखाली बस. निवृत्तीच्या समारंभापर्यंत सगळं. रिकाम्या बाकांसमोर ते फार लांबलचक वाटलं.

"हसला असेल तो," ताई म्हणाली.

"सगळ्यांत मोठ्याने."

"हो. हसायचाच."

तिने पेचकस पुन्हा फिरवायला घेतला, लागत होता त्यापेक्षा जास्त फिरवला, मग चष्मा पदराला पुसून समोर धरला. मास्तरांनी तो घातला. आता तिचा चेहरा स्पष्ट दिसला आणि बघवेना.

"जरा जास्तच आवळला गेला," ती म्हणाली. "आता सुटायचा नाही." पिशवी उचलली, दाराशी परत वाकली. "हे मला सांगून काय उपयोग, मास्तर? मला तो माहीत होता. ज्यांना माहीत नव्हता त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी मास्तर नोंदवही काखोटीला मारून समितीच्या प्रमुखांकडे गेले. प्रमुखांनी सगळं ऐकलं, मधे एकदा खिडकी उघडली, परत लावली.

"तुमचं म्हणणं मी घेतो," ते म्हणाले. "पण वही जोडायची गरज नाही. ही पद्धत वरून मंजूर होती. खाली सही वरिष्ठांची आहे. तुम्ही एकटे कशाला मान पुढे करताय?"

"सहीने शिकवलं नाही, साहेब. मी शिकवलं."

"परत शिकवायला मिळणार नाही तुम्हाला."

"वही जोडा. आणि त्या पानाच्या चार प्रती काढून द्या."

प्रती मिळाल्या. तेवीस खुणा, पुढचा 'मूठ ओढली' हा रिकामा रकाना, खाली शेरा 'उत्तम', आणि मास्तरांच्या हातच्या चार ओळी. त्या घेऊन ते क्वार्टरच्या गल्लीत गेले. एकेका दारात किती वेळ लागेल याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अंदाज करता आला नाही.

कॅप्टनच्या बायकोने उंबऱ्यातच उभ्याने वाचलं. "म्हणजे तो खोटं बोलला नाही?"

"नाही."

"आणि माझ्या नवऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवला तो..."

"बरोबरच ठेवला. त्यांचं काही चुकलं नाही."

तिने कागदाची घडी घातली, अर्धी, पाव, आणखी लहान, आणखी घडी होईना तोवर. मग म्हणाली, "जा तुम्ही." मास्तर गेले. को-पायलटच्या घरी कुणी नव्हतं. प्रत दाराखालून सरकवावी लागली, आणि ती अर्धी आत अर्धी बाहेर राहिली ते त्यांना पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. नकाशे बघणाऱ्याच्या भावाने शिव्या दिल्या. त्या मास्तरांनी पावती घ्यावी तशा उभं राहून घेतल्या. इंजिनिअरच्या वडिलांनी चष्मा शोधून, लावून, शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "कुठल्याच कागदाने माझं पोरगं येत नाही." पण कागद परत दिला नाही.

शोकसभेतली ती खुर्ची कुणी परत आणून ठेवली का, कॅप्टनची बायको इस्त्री मागायला गेली का, हे मास्तरांना कळलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. ताईने क्वार्टर सोडली एवढं कानावर आलं. अहवालात शेवटी दोन्ही लिहिलं गेलं: मागच्याकडून मूठ ओढली गेली नाही, आणि शिकवण्याच्या पद्धतीत दोष होता. 'घाबरून' हा शब्द काढला होता. मास्तरांनी तो सगळ्या पानांवर शोधला, दोनदा, आणि तो नाही असं पाहून पानं मिटली.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. शेवटी तिने उठून चहा टाकला, आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत एक कप घेऊन आली, मग परत जाऊन दुसरा. दोन खेपा. एकीत झालं असतं. मास्तर काही बोलले नाहीत. बायको म्हणाली, "बोला की," आणि मास्तरांनी कप उचलला.

पुढच्या उन्हाळ्याआधी शेडमध्ये नवी शिक्षिका आली, तीही जुनी मागचीच. हसत नसे आणि थट्टा करत नसे. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र कुणी काढलं ते कुणी सांगितलं नाही. पत्र्यावर त्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन राहिला. नवा नियम होता: प्रत्येक मागच्याने मूठ खरी ओढायची, निदान तीनदा. सहाच्या पुन्हा तीन फेऱ्या झाल्या. पंपावर माणूस हवा होता. पाणी भरायचं, पाइप जोडायचा-काढायचा, दिवसभर उन्हात उभं राहायचं. त्या जागेसाठी एकच अर्ज आला होता. कार्यालयातल्या माणसाने तो दोनदा वाचला. "मास्तर, हे तुमचं काम आहे का?"

"माझंच आहे," मास्तर म्हणाले.

पहिल्या तुकडीचा मागचा एक बुटका, गोलमटोल जवान होता. मास्तर कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ते पंपावरचे काका. पहिली फेरी संपवून विमान परत आलं, मागचं दार उघडलं, आणि तो घामाने निथळत, तळहात चोळत उतरला.

"काका, सॉरी हं. सगळं सोडून आलो. पुन्हा भरायला लागणार तुम्हाला."

"लागू दे," मास्तर पाइप ओढत म्हणाले. मग पाइप खाली ठेवला. "जोर किती लागला?"

"कसला हो! मला वाटलं नुसता हात लावला की येईल. आधी आलीच नाही. मग पाय टेकवून दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठे ती तार तुटली." त्याने तळहात दाखवला. बोटांच्या मुळाशी लाल वळ उठला होता. "आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मास्तरांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ बघितला. जवान जरा अवघडला.

"दुसऱ्यांदा सोपं जाईल ना, काका?"

"दोन्ही हात लाव," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासूनच दोन्ही."

तो पाणी प्यायला सावलीत गेला. मास्तरांनी पाइप विमानाच्या पोटाला जोडला, जोड हाताने ओढून बघितला, पुन्हा एकदा ओढून बघितला, आणि झडप उघडली. आत, रिकाम्या टाकीच्या तळाशी, पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. मनगटावर घड्याळ होतं. ते त्यांनी बघितलं नाही. झडपेवर हात ठेवून ते उभे राहिले, आणि टाकी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.